चित्र नसलेले शब्द

‘घर’ शिकवणं सोपं. फळ्यावर चार रेघा ओढायच्या, वर त्रिकोण टेकवायचा, की अख्खा वर्ग ‘घर’ म्हणून ओरडतो. आमच्या वस्तीत एकही घर त्रिकोणी नाही, सगळ्यांवर सपाट टिनं आणि टिनांवर दगड, तरी पोरं ओरडतात. ‘बकरी’ला तर चित्रही लागत नाही, ती शाळेच्या दारातच उभी असते. गाडं अडतं ते ‘पण’पाशी. ‘पण’चं चित्र काढून दाखवा कुणीतरी. ‘आणि’चं काढा. ‘म्हणून’चं काढा. पहिलीचा वर्ग माझ्याकडे आल्यापासून या शब्दांवर माझा दातच आहे. दिसायला एवढेएवढेसे, त्यांच्यावाचून एक वाक्य पुढे सरकत नाही, आणि शिकवायला जावं तर हाताला काही लागू देत नाहीत.

प्रशिक्षणात त्यांना दृश्यशब्द म्हणतात. आहे, नाही, मी, तू, मला, इथे, तिथे, काय, पण, आणि. अक्षराला अक्षर जोडत बसायचं नाही. ओळखीचं माणूस आपण लांबून चालीवरून ओळखतो, तसा शब्द बघताक्षणी ओळखायचा. रिसोडच्या प्रशिक्षणात आम्हाला हे पडद्यावर दाखवलं. पडद्यावरची पोरं गुळगुळीत रंगीत कार्डं हातात धरून हसत होती. आमच्यासाठी शेवटी सूचना आली की अशी कार्डं शिक्षकांनी स्थानिक साहित्यातून तयार करावीत. स्थानिक साहित्य म्हणजे काय ते सूचनेत कधीच लिहिलेलं नसतं. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं तुम्ही बघा.

केनवडच्या रस्त्याला जीपमध्ये अवघडून बसले असताना मला साहित्य सुचलं. आमच्या वस्तीत लग्नपत्रिका कुणी टाकून देत नाही. वर देवाचं चित्र असतं, टाकणार कशी? टिनाच्या आणि लाकडी बल्लीच्या फटीत ती खोचून ठेवतात, आणि दरवर्षीच्या लग्नसराईत तिच्या शेजारी आणखी दोन-चार येऊन बसतात. घरोघरी भिंतीच्या वरच्या कडेला असं सगळं गणगोत लटकलेलं असतं. मी पोरांना सांगितलं, जुन्या पत्रिका आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात लग्नसराई लोटली. देवाचा भाग मी कात्रीने जपून कापला आणि ज्याचा त्याच्या घरी परत पाठवला, कारण मला याच वस्तीत नोकरी करायची होती. उरलेल्या जाड पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काळ्या पेनाने ठळक शब्द लिहिले. एका दुपारीत माझी सगळी कार्डं तयार झाली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

याच कार्डांवरून मी एक खेळ काढला. तोंडाने बोलायचं नाही, फक्त कार्डं दाखवायची. ‘तू’ आणि ‘ये’ दाखवलं की पोराने उठून यायचं. ‘मला’, ‘पाणी’, ‘दे’ दाखवलं की माठाकडे पळायचं. पोरं ‘मला’ बघून ‘मले’ वाचत आणि ‘आहे’ बघून ‘हाये’. पहिल्यांदा मी तोंड उघडलं होतं, मग मिटलं. अक्षराला अक्षर जोडून कुणी ‘मला’चं ‘मले’ करू शकत नाही. पोराने शब्द बघितला, त्याचा अर्थ पोटात गेला आणि घरच्या बोलीत बाहेर आला. याहून चांगलं वाचन मला तरी माहीत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना हे पटवताना मात्र माझ्या नाकी नऊ आले.

या खेळाची राणी होती एक मुलगी. पहिलीतली, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. तिला ऐकून घ्यायला कमी आणि हुकूम सोडायला फार आवडायचं. राज्य तिच्यावर आलं की ती माझ्यासमोर यायची आणि ‘तू’, ‘बस’ अशी कार्डं धरायची. मी बसायचे. मग ‘तू’, ‘ऊठ’. मी उठायचे. पुन्हा ‘बस’. माझे गुडघे बोलायला लागेपर्यंत हे चालायचं आणि वर्ग हसून लोळायचा. एकदा मी मधेच खुर्चीत बसून राहिले, तर तिने शांतपणे ‘नाही’ उचलून माझ्या नाकासमोर धरलं. इतक्या रुबाबात मला कधी कुणी रागावलं नव्हतं.

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली त्या दिवसांत तिची आई शाळेत आली. शेतातून थेट आलेली, कमरेला विळा खोचलेला, काखेत धाकटा मुलगा. ती वर्गात आली नाही, दारात बकरी उभी राहते तिथेच उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले जातो. मोठी म्हणते, पोरीले ठेव माह्यापाशी. वाचून राह्यली असन तं ठेवतो. नुसती बकऱ्यामागं फिरन तं मंग संगच नेतो. लहान्याले तरी सांभाळन.”

मोठी म्हणजे तिची जाऊ, मुलीची मोठी माय. ती तोडीला जात नाही, वस्तीवर राहून बकऱ्या सांभाळते. सौदा स्वच्छ होता. पोरगी वाचत असेल तर इथे राहील, शाळा सुटणार नाही. वाचत नसेल तर उसाच्या फडात जाईल, पाचटावर बसून भावाला खेळवेल आणि उन्हाळ्यात परत येईल तेव्हा पहिलीचं वर्ष वाया गेलेलं असेल. अशी वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. एक वर्ष गेलं की दुसरं जायला वेळ लागत नाही. मी जरा जास्तच ऐटीत सांगितलं की दिवाळीच्या आत तुमच्यासमोर खडाखडा वाचून दाखवेल. मनात म्हटलं, जी पोरगी मला उठवते-बसवते तिला कसली आली परीक्षा?

त्याच आठवड्यात माझी ऐट पहिल्यांदा उतरली. सगळा वर्ग कार्डं घडाघडा वाचत होता, म्हणून मी तेच शब्द फळ्यावर लिहिले. वर्ग गप्प. ‘आहे’वर बोट ठेवलं, गप्प. ‘नाही’वर ठेवलं, गप्प. ज्यांनी सकाळी हाच शब्द तीनदा वाचला होता ती पोरं फळ्याकडे अशी बघत होती की जणू मी कानडीत लिहिलंय. मी आवाज चढवला. तेव्हा मागच्या रांगेतून एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं, “मॅडम, हे कोनाच्या लग्नातलं हाये ते दिसून नाई राह्यलं. मंग वाचाव कसं?”

मी कपाळावर हात मारला. पत्रिकांच्या कडा कुठे सोनेरी होत्या, कुठे गुलाबी. पुढच्या बाजूचे मोर आणि कलश मागे उठून दिसत होते. पोरं शब्द वाचतच नव्हती, लग्नं ओळखत होती. सोनेरी कड म्हणजे अमक्याच्या आत्याचं लग्न, म्हणजे ‘आहे’. उठलेला मोर म्हणजे जिथे जिलबी संपली ते लग्न, म्हणजे ‘नाही’. त्यावरून वर्गात भांडणही लागलं, कारण एका मुलाच्या मते त्या लग्नात जिलबी संपली नव्हती, त्याच्या काकाने झाकून ठेवली होती. एवढं पाठ असलेली पोरं मी प्रशिक्षणाच्या पडद्यावरही पाहिली नव्हती.

या गदारोळात फळा वाचला तो एकटीने. सुटलेली वेणी दातात धरून तिने वरपासून खालपर्यंत सगळे शब्द वाचले आणि बाकीच्यांकडे कीव केल्यासारखं बघितलं. तिला लग्न लागत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की बाकीच्यांवरचा राग तिथेच विरघळला. बाकीच्यांसाठी मी अंगणात चुन्याच्या फक्कीने शब्द आखले. मी शब्द म्हणायचा आणि त्यांनी त्यावर उडी मारायची. जमिनीला कड नसते आणि मोरही नसतो. दिवसाअखेर अर्धे शब्द पायांनी पुसले जायचे आणि पोरं पांढऱ्या तळव्यांनी घरी जायची, पण वाचायला लागली.

मग एका दुपारी आईला बोलावलं. ती आली, या वेळी वर्गात आली, मुलांच्या सतरंजीच्या टोकावर बसली. मी फळ्यावर ‘मला पाणी दे’ लिहिलं, हे वाक्य तर तिचं आवडतं, आणि मुलीला पुढे बोलावलं. तिने फळ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. मग पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, मले नाई येत.

मला वाटलं लाजली. मी ‘आई’ लिहिलं. ती म्हणाली, बकरी. ‘मी’ लिहिलं, तेही बकरी. सगळा वर्ग ओरडून सांगायला लागला की हिला येते मॅडम, काल तर येत होतं. ती ढिम्म. मी गोड बोलून बघितलं, डोळे वटारून बघितलं, खाऊची लालूच दाखवली. शेवटी तिची आई उठली, राहू द्या म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

पुढचे काही दिवस मी स्वतःच्या डोक्याचा भुगा केला. आईसमोर भीती वाटते, हा एक विचार. डोळ्यांना काहीतरी झालंय, हा दुसरा. त्यासाठी मी तिला शाळेच्या गेटपाशी उभं करून लांबून बोटं मोजायला लावली, तर तिने पलीकडच्या शेतातली बगळ्यांची रांगही मोजून दिली. मोठ्या मायने आपलं निदान सांगितलं की नजर लागली आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका मात्र मलाच लागला, कारण मी तेव्हा तिथेच आईला दुसऱ्यांदा वाचन दाखवायला गेले होते. दुसऱ्यांदाही तेच. ‘आई’ म्हणजे बकरी, ‘मी’ म्हणजे बकरी, ‘पाणी’ म्हणजेही बकरी. आई खाली मान घालून चुलीत तुऱ्हाट्या सारत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात याच पोरीने मला कार्डं दाखवून उठाबशा काढायला लावल्या. मी रागाने लाल झाले होते, तरी काढल्या.

दिवाळी तोंडावर आली. सुट्टीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं खिचडीच्या रांगेत होती आणि ती एकटी वर्गात कार्डांशी खेळत बसली होती. मी तिच्यासमोर सतरंजीवर बसले. आमच्या खेळाच्या रीतीने तीन कार्डं समोर ठेवली: ‘तू’, ‘का’, ‘नाही’. खरं तर मला विचारायचं होतं की तू आईपुढे वाचत का नाहीस, पण ‘वाचणं’ माझ्या कार्डांत नव्हतं.

तिला बरोबर कळलं. तिने ढिगात हात घातला. सावकाश, एकेक करून लावलं: ‘आई’, मग माझ्यासमोरचं ‘नाही’ उचलून त्याच्याशेजारी, मग ‘इथे’. आई नाही इथे. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मला कळलं का ते तपासलं. मग खाली ‘मी’ ठेवलं. ‘नाही’ एकच होतं, ‘इथे’ही एकच. तिने दोन्ही वरच्या ओळीतून उचलली आणि खालच्या ओळीत नेऊन लावली. मी नाही इथे.

वरच्या ओळीत आता नुसती आई उरली होती.

एवढ्याशा जिवाने सगळा हिशेब आधीच मांडला होता. वाचलं तर आई सोडून जाणार. नाही वाचलं तर सोबत नेणार. मी महिनाभर जिच्या डोळ्यांची आणि भीतीची काळजी करत होते, तिला माझ्या परीक्षेचा निकाल माझ्या आधी ठाऊक होता. हुकूम सोडले तर तिने आयुष्यात पहिल्यांदा वाक्य रचलं आणि ते हे. शिक्षिका म्हणून मला नाचायला हवं होतं. त्याऐवजी मी खिचडीच्या रांगेवर खेकसायला बाहेर गेले.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मनात भाषण तयार होतं: तुमची पोरगी उत्तम वाचते, तुमच्यासाठी सोंग करते, तिला नेऊ नका. आई ओट्यावर सोयाबीन पाखडत होती, धाकटा शेजारी भुसात लोळत होता. मी भाषणाचं पहिलंच वाक्य बोलले तर ती सूप न थांबवता म्हणाली, “मले माहीत हाये मॅडम. घरी सारं वाचते ते. तेलाच्या पुड्यावरचं, मोटरसायकलवरचं. झोपता झोपता मले शिकवते का, माय, हे ‘नाही’ हाये, हे ‘आहे’ हाये.”

मी विचारलं, मग माझ्यासमोर का बोलला नाहीत? त्या दिवशी वर्गात, चुलीपाशी, एकदाही?

सूप थांबलं. “बोलली असती तं ठेवा लागली असती.”

मी तिथेच ओट्याच्या कडेला बसले. मला आधी राग आला, दोघींचा आला. मायलेकींनी मिळून, एकमेकींना न सांगता, मला बकरी बनवलं होतं. मग तिचा हात बघितला. अंगठा सुपाच्या कडेला उगाच घासत होता, आणि माझं भाषण मला आठवेना. मी काय सांगणार होते तिला? शिक्षण महत्त्वाचं आहे? ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं, म्हणून तर ती विळा खोचून स्वतः शाळेत आली होती. तिने मला विचारलं, तुमी असत्या तं काय केलं असतं. मला माझी मुलगी आठवली, जी रिसोडला सासूबाईंजवळ असते आणि मी रोज संध्याकाळी घरी पोचते तरी सकाळी माझा पदर सोडत नाही. मी म्हणाले, मला माहीत नाही. एरवी मला सगळंच माहीत असतं.

ती दिवाळी माझी फार बेचव गेली. करंज्या लाटताना मनात एकच, नेली असेल की ठेवली असेल.

सुट्टी संपून शाळा उघडली तर मुलगी आली नव्हती. मोठी माय म्हणाली, टोळीचा ट्रक परवा येणार आहे, पोरीचं अजून ठरलं नाही. तो परवा आला. सकाळचा परिपाठ होऊन मी फळ्यावर कालचे शब्द लिहीत होते. रस्त्यावर ट्रक येऊन थांबल्याचा आवाज झाला, माणसं, भांडी, टोपल्या चढवण्याची गडबड ऐकू आली. वर्गातली पोरं खिडकीत गेली आणि मी त्यांना हाकललं नाही.

मग मुलीची आई दारात आली. एका हातात मुलगी, काखेत धाकटा. मुलीच्या दोन्ही वेण्या घट्ट बांधलेल्या, दिवाळीचा फ्रॉक, पाठीवर दप्तर. आईने तिला हाताला धरून वर्गात आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

“हे वाचते मॅडम. म्या ऐकलं हाये.”

मुलीने आईचा हात दोन्ही हातांनी धरला आणि हळूच म्हणाली, “माय, मले नाई येत.”

आई वाकली. “येते तुले,” म्हणाली. “लय चांगलं येते.”

तिने हात सोडवून घेतला आणि धाकट्याला सावरत बाहेर पडली. मला वाटलं आता पोरगी धावेल, रडेल, मी दाराकडे एक पाऊल टाकलंही. ती धावली नाही. फळ्याकडे वळली, नाक पुसलं आणि वाचायला लागली. वर्गासाठी नाही आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. रस्त्यापर्यंत पोचेल इतक्या जोरात. ‘मी’ वाचलं, ‘तू’ वाचलं, ‘आहे’चं ‘हाये’ करून वाचलं. फळा संपला तर भिंतीवरच्या सूचना धरल्या, दारावरचं धरलं, खिडकीवरचं धरलं. खिडकीतून मला ती दिसत होती. एक पाय ट्रकच्या फाळक्यावर ठेवून आई तशीच उभी राहिली होती, तोंड शाळेकडे. ड्रायव्हरने हॉर्न दिला, कुणीतरी वरून धाकट्याला उचलून घेतलं, मग ती चढली.

ट्रक केनवडच्या रस्त्याला लागला, दिसेनासा झाला, तरी मुलगी वाचतच होती. भिंतीवरचे पुष्कळसे शब्द तिला मी शिकवलेच नव्हते. ते तिने मनाने रचून वाचले, आवाज जराही न उतरवता. मी एकही चूक दुरुस्त केली नाही.